मेंढ्या न मोजणारे गाव आणि मी

मित्रांनो, माझ्या अंगावर अठरा खळगे आहेत, दोन लांबट कढया आहेत आणि चहाच्या किटलीच्या बुडाचा एक काळा गोल डाग आहे. खळगे आणि कढया मला सुताराने दिल्या. डाग जिपारकाकींनी दिला. काकींची गाठ पुढे पडणारच आहे, म्हणून आत्ताच त्यांच्याविषयी काही बोलत नाही. तर मी एक पाट आहे, आणि चांगला जुना आहे. बसायचा नव्हे, खेळायचा. एकदा एक पाहुणा चुकून माझ्यावर बसला होता. तो पुढे आठवडाभर उभ्यानेच जेवला.

आमच्या किर्गिझ डोंगरात या खेळाला तोगुझ कोरगोल म्हणतात. तोगुझ म्हणजे नऊ. नऊ खळगे या गड्याचे, नऊ समोरच्याचे, आणि डाव सुरू होताना प्रत्येक खळग्यात नऊ गोळ्या. उचलायच्या, पुढच्या खळग्यांत एकेक पेरत जायचे, आणि जिंकलेल्या गोळ्या आपापल्या कढईत ठेवायच्या. आता कोरगोल म्हणजे काय ते विचाराल. कोरगोल म्हणजे मेंढीची लेंडी. हसू नका. फार पूर्वी गुराखी डोंगरावर खेळायचे तेव्हा जमिनीत खळगे करायचे आणि गोळ्या म्हणून जे हाताशी वाळलेले सापडेल ते घ्यायचे. मोठमोठ्या घराण्यांचे मूळ शोधत गेले तर असेच काहीतरी निघते. माझ्या गोळ्या मात्र दगडाच्या आहेत, नदीने घासलेल्या, आणि त्यांना हे मूळ आठवण करून दिलेले आवडत नाही.

ज्या अक्रोडाच्या झाडातून मी निघालो ते इतके मोठे होते की त्याच्या एका बाजूला बर्फ पडत असताना दुसऱ्या बाजूला अक्रोड पिकलेले असत. तोडायला सात माणसे लागली, आणि ती एकमेकांना दिसत नव्हती म्हणून दिवसभर हाका मारत होती. सुताराने मला तासले, मेंढीच्या चरबीने चोळले, आणि माझ्या मालकांच्या, कादिरकुल आबांच्या, वडिलांनी मला एका लंगड्या घोड्याच्या बदल्यात घरी आणले. सौदा कुणाच्या फायद्याचा झाला हे सांगणे कठीण. घोडा पुढे सुताराच्या दारातून कधी हललाच नाही, आणि मी मात्र साऱ्या डोंगरावर फिरलो.

माझी उमेदीची वर्षे फार थाटाची गेली. लग्न असो, बारसे असो, म्हातारे माझ्याभोवती पांढऱ्या टोप्या घालून बसत आणि हरलेला म्हातारा जिंकलेल्याला घोडीच्या दुधाचा पेला भरून देई. मला नवी गादी होती. रोज पुसत. पुढे घरात टीव्ही आला, मग प्रत्येकाच्या खिशात फोन आला, आणि माझ्यावर वेगळीच कामे येऊ लागली. माझ्या खळग्यांत कुरुत वाळायला ठेवू लागले. कुरुत म्हणजे दह्याच्या खारट वाळवलेल्या गोळ्या, दगडासारख्या कडक. शेजारच्या जिपारकाकी भांडायला म्हणून आल्या, भांडण लांबले, हातातली गरम किटली त्यांनी माझ्यावर टेकवली, आणि हा डाग पडला. माझ्या तीन गोळ्या कुठे गेल्या ते कोंबडीला ठाऊक.

पण एका माणसाने मला कधी टाकले नाही. कादिरकुल आबा दर उन्हाळ्यात कळप घेऊन कोक-बेलच्या कुरणावर चढत आणि मला खोगिराला बांधून नेत. कोक-बेल म्हणजे हिरवी खिंड. त्या खिंडीच्या पलीकडून सुयुन आबा आपला कळप घेऊन येत. दोघांची गाठ वर्षातून तेवढीच, आणि खेळात दोघे तोडीस तोड. गेल्या उन्हाळ्यात मात्र घोटाळा झाला. तीन गोळ्या कमी होत्या म्हणून आबांनी त्यांच्या जागी तीन कुरुत ठेवले. सुयुन आबांना विचार करताना काहीतरी चघळायची सवय. डाव ऐन रंगात आला आणि त्यांनी हिशेबातला एक कुरुत खाल्ला. आबा म्हणाले, तू माझी जिंकलेली गोळी खाल्लीस. सुयुन आबा म्हणाले, मी माझीच खाल्ली. पोटात गेलेल्या गोळीवर नाव कसे वाचणार? शेवटी ठरले की पुढच्या उन्हाळ्यात, याच खिंडीत, पुन्हा डाव मांडायचा आणि जो जिंकेल तोच खरा.

आबांनी सगळा हिवाळा त्या डावासाठी काढला. तीन नव्या गोळ्या स्वतः दगडावर घासून केल्या. एकटेच दोन्ही बाजूंनी खेळत, आणि मी साक्षीदार आहे, उजव्या बाजूचे आबा डाव्या बाजूच्या आबांची नजर चुकवून लबाडी करत. उन्हाळ्याकडे त्यांचे डोळे लागले होते.

आणि वसंतात कुरण समितीचे मेदेर साहेब गावात आले.

मेदेर साहेब तसे आपलेच, मेंढपाळाचे पोर, पण आता त्यांच्याकडे शिक्का होता. त्यांनी सांगितले की यंदा कोक-बेलवर दोन गावांनी हक्क सांगितला आहे. कुरण मोठे आहे, ते मोठ्या कळपांच्या गावाला मिळेल. घरामागे सरासरी पन्नास मेंढ्या भरल्या तर कोक-बेल आमच्या चोन-ताश गावाचे. नाही भरल्या तर चोन-ताशने खालच्या ताश-कोरोवर जायचे. ताश-कोरोवर दगड चांगले येतात. गवत येत नाही.

आबांचा चेहरा उतरला. ताश-कोरो खिंडीपासून दोन दिवसांच्या वाटेवर. सुयुन आबा तिथे कशाला येतील? मग कुरुताचा निकाल कायमचा तसाच राहणार, आणि सुयुन आबा आपल्या गावात सांगत फिरणार की चोन-ताशचा म्हातारा घाबरून आलाच नाही.

तुम्ही म्हणाल, यात अवघड ते काय, मेंढ्या मोजा आणि सांगा. मित्रांनो, आमच्याकडे मेंढ्या मोजत नाहीत. म्हणजे मोजतात, पण मनात. तोंडाने आकडा काढला की दृष्ट लागते, आणि दृष्ट लागली की लांडगा येतो, हे आमच्याकडे पाळण्यातले बाळही जाणते. सरकारी माणूस मोजायला आला की अर्धा कळप डोंगरामागे चरायला गेलेला असतो. तरी मेदेर साहेबांनी विचारून पाहिले.

"काकी, मेंढ्या किती तुमच्या?"

"देवानं दिल्यात तेवढ्या," जिपारकाकी म्हणाल्या.

"देवानं किती दिल्यात?"

"ते त्यालाच विचार. माझ्या पोराच्या वयाचा तू, माझ्या मेंढ्यांवर डोळा ठेवतोस?"

गावातले सर्वांत मोठे कळपवाले तुर्दुबाय शेठ. त्यांनी तर हात जोडून सांगितले की आपल्याकडे मेंढ्या अशा नाहीतच, चार-दोन शेपट्या फिरतात अंगणात. मेदेर साहेबांनी कपाळाला हात लावला. ते म्हणाले, मला कुणाचे नाव नको, कुणाचा कळप नको, मला गावाची सरासरी द्या. संध्याकाळपर्यंत थांबतो.

तेव्हा आबांची नात सालकिन पुढे झाली. ती गावच्या शाळेत गणित शिकवते. लहान असताना तिचे पहिले दात माझ्याच कडेवर उगवले, तेव्हा तिच्याविषयी मला आपुलकी आहे. ती म्हणाली, नेमका आकडा कुणी सांगायचाच नाही. तिने माझ्यावरचे कुरुत काढले, मला बाहेर गवतावर आणून ठेवले आणि माझी एक ओळ मोकळी केली. पहिला खळगा म्हणजे दहाच्या आतल्या मेंढ्या, दुसरा दहा ते वीस, तिसरा वीस ते तीस, असे करत नववा ऐंशी ते नव्वद. नेमक्या चाळीस असतील तर त्या पुढच्या खळग्यात धरायच्या, म्हणजे भांडण नको. घरामागे एक गोळी. माझ्यावर लोकरीचा जाड नमदा पांघरायचा, त्याखाली हात घालायचा, आपल्या खळग्यात गोळी टाकायची आणि हात बाहेर काढायचा. कोण कुठे टाकतो ते कुणालाच दिसणार नाही.

जिपारकाकींना शंका आली. "आणि दृष्ट लागली म्हणजे?"

"काकी, दृष्टीला नेमका आकडा लागतो," सालकिन म्हणाली. "तीस ते चाळीस म्हटलं की ती तिरळी होते. तिला कळतच नाही कुठं लागायचं ते."

म्हाताऱ्यांनी दाढ्या कुरवाळल्या. त्यांना हे पटले. तरीही आबांनी आर्चाची, म्हणजे आमच्या डोंगरातल्या सुवासिक झाडाची, फांदी पेटवून माझ्याभोवती धूर फिरवला, दोनदा फिरवला, आणि तिसऱ्यांदा फिरवताना मेदेर साहेबांना ठसका लागला.

गावात घरे चाळीस. चाळीस हात एकामागून एक नमद्याखाली आले. बाहेरच्यांना काही दिसत नव्हते, पण मला प्रत्येक बोट कळत होते. काय सांगू मित्रांनो. प्रत्येक बोट आधी बरोबर खळग्याशी जायचे, तिथे जरा थांबायचे, घाम सोडायचे, आणि मग हळूच एक खळगा डावीकडे सरकायचे. टक. पुढचा हात. थांबला, सरकला, टक. तुर्दुबाय शेठांचे बोट तर नवव्या खळग्याच्याही पुढे कढईपर्यंत गेले, तिथे त्याने कढईची कड दोनदा चाचपली, आणि तिथून धावत सुटले ते तिसऱ्या खळग्यात येऊन थांबले. अंगठी काढायला ते विसरले होते. त्या अंगठीने माझ्या सहाव्या खळग्यावर ओरखडा काढला तो आजही आहे.

नमदा काढला. सालकिनने पोरांना शिकवावे तसे सगळ्यांना समजावले. चौथ्या खळग्यातल्या घरात एकतीस मेंढ्या असतील नाही तर एकोणचाळीस, आपल्याला ठाऊक नाही. एकाच्या कमी, दुसऱ्याच्या जास्त, एकमेकांत फिटून जाते. म्हणून त्या खळग्यातल्या सगळ्यांच्या पस्तीस धरायच्या, खळग्याच्या बरोबर मधला आकडा. तुमच्या पुस्तकात याला वर्गमध्य म्हणतात, आणि खळग्यात जितक्या गोळ्या तितकी त्याची वारंवारता. आता नऊ वेळा मोठमोठे गुणाकार कशाला? माझा पाचवा खळगा मधला, त्याचा मध्य पंचेचाळीस. तो शून्य समजायचा. गोळी डावीकडे जितके खळगे दूर तितकी पावले डावीकडे, उजवीकडे असेल तर उजवीकडे. पुस्तकात या पंचेचाळीसला गृहीतमध्य असे भारदस्त नाव आहे. माझ्यासाठी तो किटलीच्या डागाजवळचा खळगा.

पोरांनी पावले मोजली. डावीकडे बेचाळीस झाली, उजवीकडे सव्वीस. म्हणजे सोळा पावले डावीकडे जास्त. ती चाळीस घरांत वाटली तर दर घरामागे अर्ध्याहून थोडे कमी पाऊल, आणि एक पाऊल म्हणजे दहा मेंढ्या, तेव्हा चार मेंढ्या कमी. पंचेचाळीसमधून चार गेले. सरासरी एक्केचाळीस.

आबांनी विचारले, सरासरी राहू दे, ज्या खळग्यात सर्वांत जास्त गोळ्या असतील तोच धरला तर? सालकिनने दाखवले. सर्वांत गर्दी चौथ्या खळग्यात, तीस ते चाळीस. तो बहुलक आणखीच खाली निघाला. जिपारकाकी म्हणाल्या, मग सगळी घरं ओळीत उभी कर आणि मधलं घर धर. मधले घरही चौथ्या खळग्यातच सापडले, एकोणचाळीसच्याही जरा अलीकडे. तो मध्यक. तीन तऱ्हांनी विचारले, तिन्ही तऱ्हांनी उत्तर ताश-कोरोच आले.

"बाईंचं गणित चोख आहे," मेदेर साहेब शिक्का शोधत म्हणाले. "दगडांची सवय करून घ्या."

आबांनी माझ्यावरून हात फिरवला, तेव्हा त्या हाताला काय वाटत होते ते मला कळले. हिवाळाभराची मेहनत, ते तीन घासलेले दगड, सगळे पाण्यात. आणि खरी गंमत अशी की स्वतः आबांचे बोटही थांबून मग सरकलेच होते.

सालकिनलाही ते बहुधा आजोबांच्या मानेवरून कळले असावे. ती म्हणाली, खोटे कुणी बोलले असे मी म्हणत नाही. फक्त आणखी एकदा हात घालायचा. या वेळी आपल्या घराची नव्हे, आपल्या उगवतीच्या बाजूला जे घर आहे त्या शेजाऱ्याची गोळी टाकायची. उगवतीच्या टोकाच्या घराने मावळतीच्या टोकाच्या घराची.

यावर जो गलका झाला तो ऐकण्यासारखा होता. दुसऱ्याच्या मेंढ्या मोजणे म्हणजे केवढे पाप, आम्ही काय कुणाच्या कळपाकडे बघतो का, मला तर शेजाऱ्याकडे मेंढ्या आहेत हेच आज कळतेय. सगळ्यांत मोठा आवाज जिपारकाकींचा होता, आणि त्यांचे उगवतीचे घर म्हणजे आबांचे. "ह्या म्हाताऱ्याच्या दारात काय चरतं ते बघायला मला वेळ आहे होय?" त्या म्हणाल्या. असे म्हणत म्हणत त्यांचाच हात पहिला आला.

मित्रांनो, या खेपेला एकही बोट थांबले नाही. गोळ्या गारांसारख्या पडल्या. प्रत्येकाला शेजाऱ्याचा कळप तोंडपाठ होता, वर दहा मेंढ्या हेव्याच्या. तुर्दुबाय शेठांच्या शेजाऱ्याने तर खळग्यांकडे ढुंकूनही पाहिले नाही, गोळी सरळ कढईत टाकली.

कढईतल्या त्या गोळीने सालकिनला जरा अडवले. नव्वदच्या वर, पण किती वर? ज्या खळग्याला वरची कड नाही त्याचा मध्य काढणार कसा? सगळे तुर्दुबाय शेठांकडे बघू लागले. शेठ आकाशाकडे बघू लागले.

"शंभरापर्यंतच धर, पोरी," ते शेवटी म्हणाले. "कढईच आहे ती, विहीर नव्हे."

म्हणून ती गोळी पाच पावलांची धरली. पोरांनी पुन्हा मोजले. डावीकडे फक्त आठ पावले, उजवीकडे बहात्तर. चौसष्ट पावले उजवीकडे जास्त, म्हणजे घरामागे सोळा मेंढ्या. पंचेचाळीस आणि सोळा, एकसष्ट.

मेदेर साहेबांनी चहाचा पेला खाली ठेवला. "सकाळी तुम्ही गरीब होतात, चहा निवायच्या आत श्रीमंत झालात. मी लिहू काय?"

"एक्कावन्न," सालकिन म्हणाली. "माणूस स्वतःचं सांगताना भीतीनं दहा चोरतो. शेजाऱ्याचं सांगताना हेव्यानं दहा वाढवतो. भीती आणि हेवा आमच्या गावात सारखेच पिकतात, साहेब. मधे उभं राहिलं की खरं सापडतं."

"हे गणित झालं की वकिली?"

"अर्धं अर्धं," ती म्हणाली.

मेदेर साहेब हसले, पण शिक्का त्यांनी खिशातच ठेवला. ते म्हणाले, भीतीचे दहा आणि हेव्याचे दहा हे तू ठरवलेस. कशावरून? एक तरी कळप माझ्यासमोरून जाऊ द्या. मी मोजतो, आणि तुझे म्हणणे खरे निघते का ते बघतो.

परक्या माणसाने, डोळ्यांसमोर, आपला कळप मोजायचा? एकेक जण मागे सरू लागला. कुणाला घोड्याला पाणी पाजायचे आठवले, कुणाला सासू आठवली.

आबा उठले. साऱ्या गावात दृष्टीला सर्वांत घाबरणारा माणूस तो. त्यांच्या घोड्याच्या शेपटीत निळा मणी, कुत्र्याच्या गळ्यात निळा मणी, आणि स्वतःच्या टोपीच्या आत दोन. ते उभे राहिले तेव्हा टोपीतले मणी वाजले.

"माझा कळप जाईल," ते म्हणाले. "माझ्या हातानं मी चौथ्या खळग्यात टाकली होती."

गाव आ वासून बघू लागले. कबुली दिली म्हणजे चूक पदरात घेतली. यावर जिपारकाकींना गप्प बसवेना. "मी सहाव्यात टाकली," त्या म्हणाल्या. "मला तेवढ्या दिसतात."

"तुला माझ्या दारातलं बघायला वेळ नव्हता ना?"

"येता-जाता दिसतं. डोळे काय घरी ठेवून फिरू?"

आबांची एकच अट होती. आकडा कुणी तोंडातून काढायचा नाही. साहेबांनी नाही, पोरीने नाही, वाऱ्यानेसुद्धा नाही. मग मोजणार कसे? तेव्हा आबा माझ्याकडे वळले आणि माझ्या आयुष्यातले सर्वांत मोठे काम त्यांनी मला सांगितले. गावाच्या कुंपणाला दगडांची एक अरुंद फट आहे, तिथून एका वेळी एकच मेंढी जाते. मला त्या फटीशी ठेवले. माझ्या सगळ्या गोळ्या कढईत भरल्या. एक मेंढी गेली की एक गोळी खळग्यात, डावाच्या सुरुवातीला असतात तशा खळग्यात नऊ, मग पुढचा खळगा. बोलायचे काहीच नाही. मेंढी बें करणार, मी टक करणार.

कळप आला. बें, टक. बें, टक. पहिला खळगा भरला, दुसरा भरला. चौथा भरला तरी मेंढ्या येतच होत्या आणि जिपारकाकी मान हलवत होत्या. पाचवा भरला. मग शेवटची एक म्हातारी, लंगडी मेंढी आली, फटीत थांबली, मेदेर साहेबांकडे तिने नीट पाहून घेतले, आणि गेली. सहाव्या खळग्यात एक गोळी पडली. बस.

नऊ-नऊचे पाच खळगे आणि वर एक गोळी. गुणाकार तुमचा तुम्ही करा, मित्रांनो, मी आबांना शब्द दिला आहे. एवढेच सांगतो की आबांनी मेंढ्या चाळीसच्या आत सांगितल्या होत्या, काकींनी पन्नासच्या वर सांगितल्या होत्या, आणि खरा आकडा चाळीस ते पन्नासच्या मधे गुपचूप बसला होता.

मेदेर साहेब माझ्याकडे बघत राहिले. त्यांचे ओठ हलले, आबांचा हात काठीकडे गेला, आणि साहेबांनी ओठ मिटले. "मला दिसलं," ते म्हणाले. "पण एक घर म्हणजे चाळीस घरं नव्हेत."

"मग माझाही घ्या," जिपारकाकी म्हणाल्या. "ह्या म्हाताऱ्याला एकट्याला दृष्ट कशाला लागू देता? वाटून लागली तर निदान पातळ होईल."

आणि काय सांगावे, ज्या लोकांना सासू आठवली होती ते सगळे परत आले. एक कळप गेला, दुसरा गेला. बहुतेक प्रत्येक वेळी तेच. धनी म्हणाला होता त्याच्या एक खळगा उजवीकडे, शेजारी म्हणाला होता त्याच्या एक खळगा डावीकडे. सालकिन नुसती उभी होती. तिला काही बोलावेच लागत नव्हते.

तुर्दुबाय शेठ सगळ्यांच्या शेवटी होते आणि हळूहळू घराकडे सरकत होते. पोरांनी त्यांच्या गोठ्याचे दार आधीच उघडून ठेवले होते. त्यांचा कळप फटीतून यायला लागला. माझी एक ओळ भरली. दुसरी ओळ भरली. शेवटची गोळी पडली, अठराही खळगे काठोकाठ, कढया रिकाम्या, आणि मेंढ्या येतच आहेत, येतच आहेत, धूळ उडतेय, मागच्या मेंढ्या पुढच्यांना विचारताहेत की रांग कसली आहे. मी जन्मात इतका भरलो नव्हतो. हातात गोळी उरली नाही म्हणून आबा नुसतीच टिचकी वाजवत होते.

"शेठ," मेदेर साहेब म्हणाले, "चार-दोन शेपट्या ना?"

"यातल्या बऱ्याच पाहुण्या आहेत," तुर्दुबाय शेठ म्हणाले.

गाव इतके हसले की समोरच्या डोंगरावरचा उरलेला बर्फ खाली आला. मी अतिशयोक्ती करत नाही. त्याच्यासोबत आलेले दगड अजून तिथे पडलेत, जाऊन बघा. मेदेर साहेबांनी शिक्का काढला आणि कोक-बेल चोन-ताशला दिले. एक्कावन्न हा आकडा त्यांनी मोठ्याने वाचला आणि आबांनीही तो वाचू दिला. त्यांनी सालकिनला आधी विचारून घेतले होते. ती म्हणाली होती की आबा, सरासरी ही कुणाचीच मेंढी नसते. तिला लांडगा खात नाही आणि दृष्टही लागत नाही.

त्या उन्हाळ्यात मी पुन्हा खोगिराला बांधलेला कोक-बेलवर चढलो. गोळ्या पुऱ्या होत्या, चघळायला कुरुत वेगळ्या थैलीत होते. सुयुन आबा खिंडीतून उतरताना दिसले तेव्हा कादिरकुल आबांनी त्यांच्याकडे पाहिलेच नाही, इतकी त्यांना घाई झाली होती. गवत कमरेएवढे होते. दोघे बसले, आणि डाव सुरू झाला.

आता मी म्हातारा झालो आहे. माझ्या एका टोकाला चीर गेली आहे आणि थंडीत ती दुखते. तुमच्या घरातही माझ्यासारखा कुणीतरी असेल, पेटीच्या तळाशी, माळ्यावर, नाही तर एखाद्या किटलीखाली. त्याला एकदा बाहेर काढा. पुसा. थोडे तेल चोळा. तो कशाच्या उपयोगी आहे हे तुम्हाला आज दिसणार नाही, मलाही साठ वर्षे दिसले नव्हते की माझ्या पोटात एका गावाची सरासरी बसते. आणि कृपा करून गरम भांडे खाली टेकवताना आधी बघत जा, तिथे कोण आहे.

राहिला त्या डावाचा निकाल. कादिरकुल आबा चोन-ताशमध्ये सांगतात की ते तीस गोळ्यांनी जिंकले. सुयुन आबा खिंडीपलीकडे सांगतात की ते स्वतः दहा गोळ्यांनी जिंकले. सालकिनने कसे काढायचे ते तुम्हाला शिकवले आहे, तेव्हा काढा. मला खरा आकडा ठाऊक आहे. पण आबा अजून रोज माझ्यावर खेळतात, त्यांची तब्येत छान आहे, आणि मी तो तोंडातून काढणार नाही. उगाच दृष्ट लागायची.